पंधरा खेळवायचे की सात? कुलाब्याच्या एका रग्बी क्लबचा २०१९ चा मोसम

जुलै २०१९ च्या मध्यावर आमच्या क्लबपुढे दोन स्पर्धांचे प्रवेशअर्ज होते आणि पैसे जेमतेम एकीपुरते. पहिली स्पर्धा सेव्हन्सची, म्हणजे सात जणांच्या रग्बीची, पुण्यात. दुसरी पंधरा जणांच्या रग्बीची, कोलकात्यात. दोन्ही ऑगस्टच्या अखेरीस, एकाच आठवड्यात. पुण्याला बारा जणांना घेऊन सकाळच्या गाडीनं निघता येत होतं. कोलकात्याला तेवीस जणांची गीतांजली एक्स्प्रेसची जाण्यायेण्याची तिकिटं, तिथलं राहणं आणि जेवण. आम्हाला मदत करणाऱ्या देणगीदारांचं म्हणणं सरळ होतं : पदक मिळण्याची शक्यता जिथं आहे तिथं जा, आणि पंधराचा संघ हळूहळू बंद करा.

मी क्लबचं कामकाज बघतो. खेळाडूंची नोंदणी, मैदानाचे अर्ज, वयाचे दाखले, डॉक्टर, बूट, सगळं. बहुतेक मुलं तेव्हा अठराच्या आतली होती, त्यामुळे क्लबचं किंवा कुणाचंही नाव इथं देत नाही. पण आज क्लब ज्या जागी आहे तिथं तो कसा पोहोचला, याचं उत्तर मला त्या दीड महिन्यातच सापडतं.

हा खेळ इथं आला कसा

रग्बी हिंदुस्थानात आली ती साहेबाबरोबर. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स असा सामना झाला आणि पुढच्या महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. तो फार टिकला नाही. बंद करताना सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक करंडक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. मुठींच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजतागायत झुंजतात.

मुंबईत हा खेळ रुजला तो आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला, बॉम्बे जिमखान्यावर. जिमखाना १८७५ चा. १९३३ साली भारतातला पहिला कसोटी सामना तिथंच झाला, हे क्रिकेटवेड्या वाचकांना ठाऊक असेल. पण पावसाळ्यात माती भिजून मऊ झाली की त्याच मैदानावर रग्बीचे खांब उभे राहतात. मुंबईत रग्बी हा पावसाळी खेळ झाला तो या मातीमुळे. ऑक्टोबरनंतर मैदान इतकं टणक होतं की एका टॅकलमध्ये, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडताना, गुडघा सोलून निघतो. अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ पासून खेळली जाते. बरीच दशकं ती जिमखान्यांची, लष्कराच्या पलटणींची आणि गोऱ्या कंपन्यांतल्या साहेबांचीच राहिली.

खेळ कुंपणाबाहेर आला तो बराच नंतर. नव्वदच्या दशकात मॅथ्यू स्पेसी नावाचा एक इंग्रज बॉम्बे जिमखान्याकडून रग्बी खेळत असे. समोरच्या फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवर राहणारी मुलं कुंपणाशी उभी राहून सराव बघायची. त्यानं त्यांना आत खेळायला बोलावलं. त्यातूनच १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था जन्माला आली. आमचा क्लब त्या संस्थेचा भाग नाही आणि कधी नव्हताही. पण रस्त्यावरचं पोर रग्बी खेळू शकतं हे दक्षिण मुंबईनं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या पाहण्याचा फायदा आमच्यासारख्या लहान क्लबांना झाला. भारताचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला तो १९९८ मध्ये. म्हणजे आमच्या मुलांच्या वडिलांच्या तरुणपणी देशाला रग्बीचा संघच नव्हता.

बोटीवरची पोरं

आमची मुलं ससून डॉकच्या आसपासची, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली आणि आंबेडकर नगरातली. कोळी घरांतली काही, बाकीची यूपी, बिहार, कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांतली. अठराच्या पुढची बरीच पोरं बोटीवर खलाशी म्हणून जातात किंवा डॉकात हातगाडी ओढतात.

आमच्या मोसमाचं सगळं गणित या बोटींवर बसलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. बोटी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, पोरं रिकामी. म्हणजे मैदान मऊ असतं नेमक्या त्याच दोन महिन्यांत आमच्याकडे दांडगे, कामानं घडलेले गडी रोज संध्याकाळी हजर असतात. मग ऑगस्ट उजाडतो आणि एकेक जण दर्यावर जातो. स्पर्धा मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच असतात. वर दहीहंडी. ज्यांना आम्ही स्क्रममध्ये पुढच्या रांगेत उभं करतो, त्याच पोरांना गोविंदा पथकं खालच्या थराला लावतात, आणि पथकांचा सराव रात्री, आमचा सराव संपल्यावर. एकाच खांद्यांवर दोन्हीकडून भार.

स्क्रम म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी दहीहंडीचा पहिला थर आडवा करून बघावा. दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत हात गुंतवून वाकतात. पंच म्हणतो, ‘क्राउच, बाइंड, सेट’, आणि सोळा माणसं एकमेकांवर आदळून मधल्या बोगद्यात टाकलेल्या चेंडूसाठी रेटतात. पुढच्या रांगेत तिघं : मध्ये हूकर, दोन बाजूंना प्रॉप. यांच्या मानेवर आणि पाठीवर सगळा रेटा येतो. म्हणून नियम कडक आहेत. पुढच्या रांगेत खेळण्याचं प्रशिक्षण नसलेला माणूस तिथं उभा करायचा नाही. तेवीस जणांच्या संघात असे सहा जण लागतात. ते कमी पडले तर पंच रेटारेटीविना स्क्रम घ्यायला लावतो : सगळे वाकतात, गुंततात, पण ढकलत कुणी नाही, आणि चेंडू टाकणाऱ्या संघालाच मिळतो.

आमच्याकडे स्क्रम मशीन नव्हतं. ते लाखाच्या घरात जातं. प्रशिक्षकांनी डॉकातली हातगाडी मागून आणली, तिच्यावर बर्फाच्या रिकाम्या पेट्या वाळूनं भरून लादल्या आणि पुढे फळीला जुन्या गाद्या बांधल्या. पाठ सरळ, नजर वर, घोट्यापासून लहान लहान पावलं. ही गाडी पावसात चिखलातून सरकवताना मुलांच्या पाठीचा कणा जरा वाकला की प्रशिक्षक शिट्टी मारून थांबवत. तिथं त्यांनी कधी ढील दिली नाही.

टॅकल शिकवायला मात्र वेगळीच कसरत. मुंबईच्या पोराला पकड शिकवावी लागत नाही, कबड्डीनं ती रक्तात घातलेली असते. अडचण असते ती पकड सोडायला शिकवण्याची. कबड्डीत पकडलेला गडी दम संपेपर्यंत सोडायचा नसतो. रग्बीत तो जमिनीवर आला की तत्क्षणी सोडावा लागतो, नाहीतर पेनल्टी. पहिल्या पावसात आमच्या निम्म्या पेनल्ट्या या एकाच सवयीमुळे जायच्या. आणखी एक सवय लावली ती मैदानाबाहेरची : खरचटलेली जखम साबणानं धुतल्याशिवाय घरी जायचं नाही. मैदानावर साचलेलं पाणी, उंदीर, लेप्टोच्या तापाचा धोका. महापालिकेच्या दवाखान्यात गोळी फुकट मिळते, ती घेतल्याचं मी प्रत्येकाला विचारतो. पोरं कंटाळतात, मी विचारतोच.

सेव्हन्सच्या बाजूनं

देणगीदारांचं म्हणणं पोकळ नव्हतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बी परतली ती सेव्हन्सच्या रूपात. आशियाई क्रीडा स्पर्धेत सेव्हन्स, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेव्हन्स. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ज्या स्पर्धांची प्रमाणपत्रं क्रीडा खात्याच्या पडताळणीत टिकतात त्या रग्बीपुरत्या जवळजवळ सगळ्या सात जणांच्या. ज्या घरात पोराची पोलीस भरती हेच एकमेव स्वप्न आहे, त्या घराला पंधराच्या रग्बीचं महत्त्व पटवून द्यायला मी कोणत्या तोंडानं जाणार?

शिवाय सेव्हन्स लवकर बसते. सात मिनिटांचे दोन डाव, एका दिवसात तीन सामने, आणि आमचे बॅक्स, म्हणजे स्क्रमच्या बाहेर राहून पळणारे गडी, खरोखर वेगवान. पुण्यात उपांत्य फेरी गाठू, असं प्रशिक्षकांनाही वाटत होतं. कोलकात्यात तर जंगल क्रोजसारख्या क्लबांनी वर्षानुवर्षं वस्तीतली मुलं घेऊन पंधराची रग्बी घडवलेली. त्यांच्यापुढे आमचा निभाव लागणं कठीणच.

सेव्हन्सचं मैदान मात्र पंधराच्या मैदानाएवढंच असतं. साधारण १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, आणि त्यावर सातच माणसं. तिथं पळणारा टिकतो. नव्वद-शंभर किलोचा गडी दुसऱ्या मिनिटाला गुडघ्यावर हात टेकतो.

बैठक

निर्णयाची बैठक झाली मच्छीमार नगरातल्या समाजमंदिरात. प्रशिक्षक स्वतः आंबेडकर नगरचे, आमचेच जुने खेळाडू, मुलं त्यांना दादाच म्हणतात. त्यांनी वाद घातला नाही. एका वहीच्या पानावर सगळ्या खेळाडूंची नावं लिहिली आणि म्हणाले, ‘‘पंधरा बंद झालं तर यातलं कोण यायचं थांबेल, त्या नावापुढे खूण करू या.’’

खुणा झाल्या. प्रॉप, त्यांच्या मागून रेटणारे लॉक, दोन्ही हूकर. ज्याला क्रिकेटच्या संघात कुणी घेत नाही, ज्याला शाळेत ढोल्या म्हणून चिडवलं, जो नववीत शाळा सोडून बोटीवर गेला, तो प्रत्येक पोरगा त्या यादीत होता. मग दादांनी दुसरी गोष्ट विचारली. लहान मुलांचा रविवारचा सराव कोण घेतं? खांब कोण उभारतं? नवीन मुलाच्या घरी आईवडिलांना भेटायला माझ्याबरोबर कोण येतं? उत्तरं पुन्हा त्याच नावांपाशी येऊन थांबली. पळणारी पोरं कॉलेजच्या संघात, दुसऱ्या क्लबात, कुठंही खपतात. या पोरांना पंधरा जणांच्या रग्बीशिवाय दुसरा खेळच नव्हता, आणि म्हणून क्लब त्यांच्या हाडामासाचा झाला होता.

मुलींनी बैठकीत वेगळाच मुद्दा काढला. जूनमध्ये मनिलात भारताच्या महिला संघानं सिंगापूरला २१–१९ असं हरवून पंधराच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला होता. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरूचा, आणि बिहारच्या स्वीटी कुमारीचा पळ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. आमच्या मुलींनी विचारलं, ‘‘मग आम्हाला सातच का?’’ उत्तर एवढंच होतं की आमच्याकडे तेव्हा पंधरा मुली नव्हत्या. ते उत्तर देताना दादांचा आवाज पडला होता.

ठरलं ते असं. पुण्याला मुलींचा सेव्हन्स संघ जाईल. मुलगे पंधराचा संघ घेऊन कोलकात्याला जातील. कमी पडणारे पैसे जुने खेळाडू आणि वस्ती वर्गणीतून उभे करतील. देणगीदारांना मी पत्र लिहून कारणं कळवली. त्यांनी त्या वर्षीची मदत थांबवली नाही, पण पुढच्या वर्षाबद्दल शब्दही दिला नाही.

या निर्णयाची किंमत लगेच मोजावी लागली. आमचा सगळ्यात वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा बॅक, बैठकीनंतर चार दिवसांनी कॉलेजच्या सेव्हन्स संघात गेला. त्याला प्रमाणपत्र हवं होतं, घरात वडील आजारी. त्यानं चूक केली असं मी आजही म्हणणार नाही. तो गेल्यावर बॅक्सची एक अख्खी बाजू उघडी पडली.

तांडेलाकडे

पुढच्या रांगेतले दोघं एकाच बोटीवर होते. बंदी उठल्यावरच्या फेऱ्यांमध्ये जाळं भरून येतं, वर्षाची मोठी कमाई तेव्हाच होते, आणि तेव्हा माणूस सोडा म्हणून सांगणं म्हणजे घरच्या भाकरीत हात घालणं. तरीही दादा आणि मी पहाटे ससून डॉकवर गेलो. लिलाव चालू होता, कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या, पाय ठेवायला जागा नाही.

तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘मास्तर, तुमचा खेळ चार दिसांचा. माझी बोट दहा दिस आत राहते. दोन गडी कमी म्हंजे जाळं ओढणार कोण?’’ दादा म्हणाले, ‘‘काका, बदली माणूस आम्ही देतो.’’ कोण, तर आमचाच एक जुना लॉक, ज्यानं दोन वर्षं दुसऱ्या बोटीवर काम केलेलं. तांडेल बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी एकाला सोडलं. दुसऱ्याला नाही. सुटलेल्या मुलाची आई टोपलीपाशीच होती, तिनं दादांना एवढंच सांगितलं, ‘‘मान सांभाळा त्याची.’’

त्या वर्षी कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि मुंबईतल्या अनेक आयोजकांनी हंड्या रद्द करून पैसे पूरग्रस्तांना दिले. त्यामुळे ज्यांच्या खांद्यांची आम्हाला धास्ती होती ती पोरं धडधाकट राहिली.

कोलकात्यात

पहिला सामना आम्ही मोठ्या फरकानं हरलो. दुसऱ्यात आमच्या एका प्रॉपच्या खांद्याला मार लागला आणि बदली प्रॉप बोटीवर. राखीव खेळाडूंत अंगानं भक्कम असा एक पोरगा होता, तो हात वर करून उभा राहिला. त्यानं पुढच्या रांगेत कधी सराव केलेला नव्हता. दादांनी त्याला खाली बसवलं आणि पंचांना स्वतः जाऊन सांगितलं की आमच्याकडे प्रशिक्षित प्रॉप उरलेला नाही. उरलेला सामना रेटारेटीविना स्क्रमवर झाला. आमची एकमेव ताकद गेली, सामनाही गेला. प्रेक्षकांत कुणाला हे कळलंही नसेल. आमच्या प्रत्येक पोराला कळलं.

शेवटच्या दिवशी खालच्या क्रमांकांच्या सामन्यात प्रॉपला फिजिओनं खेळायची मुभा दिली. उत्तरार्धात समोरच्या ट्राय रेषेपासून पाच मीटरवर आम्हाला स्क्रम मिळाला. आठही जणांची पाठ एका रेषेत. आधी काहीच हललं नाही, मग समोरचा संघ एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, आणि स्क्रमच्या शेवटी असलेल्या आमच्या नंबर आठनं पायांतला चेंडू उचलून रेषेपलीकडे टेकवला. पाच गुण. तो सामना आम्ही जिंकलो.

पुण्यात मुली गटातच बाद झाल्या. म्हणजे दोन्हीकडून पदक शून्य. पुढच्या वर्षी देणगीदारांनी हात आखडता घेतला.

नंतर

मग कोविड आला. मैदानं बंद, सराव बंद, बरीच घरं गावी गेली. निर्बंध उठल्यावर क्लब पुन्हा उभा करायचा तर माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. ज्या नावांपुढे समाजमंदिरात खुणा झाल्या होत्या, त्यांतले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात आले. ते लहान भावांना घेऊन आले, बोटीवरच्या सोबत्यांना घेऊन आले. त्यांतल्या काहींनी वर्ल्ड रग्बीचा प्रशिक्षकांचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम केला, एक जण पंच झाला. आज महापालिकेच्या शाळांमध्ये जे तासाचे पैसे घेऊन मुलांना रग्बी शिकवतात ते आमचे प्रॉप आणि लॉक आहेत. क्लब वाढला तो या शाळांतून. खुल्या गटाबरोबर १८ वर्षांखालचे मुलगे आणि मुलींचा संघ दर मोसमात उतरतो. मुलींचा पंधराचा संघ २०२३ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा पुरा झाला. संख्या कमी पडली तेव्हा अडचण पुन्हा पुढच्या रांगेचीच होती, आणि ती सोडवली दोन थोरल्या बहिणींनी. दोघी डॉकात कोळंबी सोलायला जातात, मनगटं बघण्यासारखी.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला. सहा संघ, त्यात मुंबई ड्रीमर्स, आणि परदेशातले नामांकित खेळाडू. चेन्नई बुल्सनं विजेतेपद मिळवलं. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. ती लीगही सेव्हन्सची. त्यानंतर आमच्याकडे नावं नोंदवायला इतकी मुलं आली की बूट पुरेनात, आणि जवळजवळ सगळ्यांना सेव्हन्सच खेळायची होती. मला याचा आनंदच आहे. पण क्लबानं एक नियम केला आहे आणि तो मी कुणासाठी वाकवत नाही : सेव्हन्सचा संघ निवडला जातो तो पंधराच्या सरावाला नियमित येणाऱ्यांतून. विंगरलाही हातगाडी ढकलावी लागते.

तांडेलांशी बोलणी आता मे महिन्यातच होतात, बदली खलाशाचं नाव आम्ही आधी देतो, आणि त्यांच्या बोटीवरचे दोघं आलटून-पालटून सुटतात. मैदानाचा प्रश्न मात्र जिथल्या तिथं आहे. पावसाळ्यात क्रिकेटची कांगा लीगही त्याच मैदानांवर असते, क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर स्क्रम घ्यायला कुणी परवानगी देत नाही, आणि देऊही नये. यंदा आम्ही आठवड्याच्या तीन संध्याकाळी मागितल्या होत्या, एकच मिळाली. उरलेल्या दोन दिवशी पुढची रांग महापालिकेच्या शाळेच्या सभागृहात गाद्यांवर सराव करते, तिथला शिपाई सात वाजता दिवे बंद करतो, आणि ती वेळ साडेसात करून मिळावी म्हणून माझा अर्ज वॉर्ड ऑफिसात पडून आहे.